आईकडून आलेलं

सौंसर, ११ जून २०२५

विनोदभाऊ,

पाकीट उघडलं की तुम्ही आधी खाली नाव पाहाल, म्हणून वरच लिहून टाकते. मी वंदना. पांढुर्ण्याच्या बापूजींची पोरगी, विजयदादाची बहीण. पत्र फाडावंसं वाटलं तर फाडा, पण शेवटी एक प्रश्न आहे, तेवढा वाचा आणि मग फाडा.

पत्ता तुमच्या आईनं दिला. मागच्या आठवड्यात मी सावरगावला तुमच्या घरी गेली होती. कौसामावशीनं आधी ओळखलं नाही. मग ओळखलं आणि पदर तोंडाशी धरून उभीच राहिली. आत ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. चोवीस वर्षांत आमच्या घरचं कोणी त्या दारात गेलं नव्हतं. मी तुमचा सिल्वासाचा पत्ता मागितला तर तिनं एवढंच विचारलं, "बापूजीले माहीत हाय का?" मी नाही म्हटलं, तेव्हा दिला. फोन नंबरही देत होती. मी घेतला नाही. हे मला फोनवर बोलता यायचं नाही.

माझा मुलगा अभिजीत तेरा वर्षांचा आहे. मे महिन्यात त्याची दाढ काढली. डॉक्टरनं कापूस दाबून घरी पाठवलं. संध्याकाळपर्यंत थुंकी लालच येत होती. मी म्हटलं, होते असं. सकाळी पाहिलं तर उशी, चादर, बनियन सगळं भरलेलं आणि पोरगा पांढरा पडलेला. माझ्या नवऱ्यानं, गौतमनं, दुकानाची किल्ली शेजाऱ्याकडे टाकली आणि आम्ही सरळ नागपूर गाठलं.

याला हिमोफिलिया म्हणतात. रक्त गोठायला जे काही लागतं, त्यातलं एक याच्या रक्तात कमी आहे. जखम छोटीच असते, पण थांबत नाही. अभिजीतचा प्रकार सौम्य आहे, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. इंजेक्शन दिल्यावर रक्त थांबलं. आता तो बरा आहे. मीच बरी नाही. घरात भांडं पडलं तरी पळत जाते. टेबलाचे कोपरे मी चिंध्या गुंडाळून बांधले, तर अभिजीत हसून राहिला माझ्यावर.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाला असं होतं का? भाऊ, मामा?" मी लगेच नाही म्हटलं. म्हणताना दादाचा गुडघा डोळ्यासमोर आला. कबड्डी खेळून आला की भोपळ्यासारखा फुगायचा, आठवते का तुम्हाला? तुम्हीच तर त्याला सायकलवर बसवून घरी आणायचे.

माझा प्रश्न असा. तो दगड केवढा होता?

वंदना

सौंसर, २७ जून २०२५

विनोदभाऊ,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण लिहिल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही. ज्याच्याशी हे बोलावं असं दुसरं माणूस मला दिसत नाही.

माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. अभिजीतला हे माझ्याकडून आलं.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते तसंच सांगते. मुलगा होईल का मुलगी, ते गुणसूत्रांच्या एका जोडीवर ठरते. बाईजवळ एक्सची जोडी असते, पुरुषाजवळ एक एक्स आणि एक वाय. हा दोष एक्सवर बसतो. माझ्या दोनपैकी एक खराब आहे, पण दुसरा चांगला आहे, तो सांभाळून घेतो. म्हणून मला काही झालं नाही. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतो, बापाकडून तर वाय येतो. आईचा खराब तोच वाट्याला आला की त्याला सांभाळणारं कोणी नाही. कोणता येईल हे नाणं फेकल्यासारखं. आणि प्रत्येक लेकराच्या वेळी नाणं नव्यानं पडते, मागचं काही लक्षात ठेवत नाही. मुलीला पण आईचा खराब येऊ शकतो. तिला बापाचा चांगला असतो म्हणून ती ठीक राहते आणि पुढं नेते. माझी मोठी पोरगी प्रणाली कॉलेजात आहे. तिचंही नाणं कधीचंच पडलेलं आहे, फक्त कसं पडलं ते पाहायचं आहे.

गौतम वाईट माणूस नाही. पण रिपोर्ट वाचून तो म्हणाला, "कोणाले सांगू नको. प्रणालीचं लगन व्हायचं हाय." दोन दिवसांनी त्याच्या बहिणीचा फोन आला तेव्हा दुकानाच्या मागे उभा राहून सांगत होता, "आपल्याकडचं नाही, तिच्याकडचं हाय." मी चहा घेऊन गेली होती, तशीच परत आली.

मग मला वाटलं, माझ्याकडे तरी कुठून आलं? बापूजींकडून नाही. त्यांच्यात असतं तर त्यांनाच त्रास झाला असता. बापूजी तर ऐन उन्हाळ्यात विळा लागला तरी वर हळद चेपून कामाला लागायचे. म्हणजे आईकडून. आणि आईकडून मला आलं, तर दादालाही आलं असेल.

त्या दिवशीचं मी पुन्हा पुन्हा आठवून राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून आपली दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीत दरवर्षी शेकडो लोकांना लागते. डोकं फुटते, टाके पडतात, दुसऱ्या दिवशी तीच माणसं पट्टी बांधून चौकात चहा पितात. दादाला कानाच्या वर लागलं होतं. दोन टाके पडले. चालत घरी आला, पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या दुधात चुरून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी डोकं दुखून राहिलं म्हणाला. तिसऱ्या दिवशी उठला नाही. सगळे म्हणाले, दगड वर्मी लागला. दोन टाक्यांच्या जखमेनं एकोणीस वर्षांचा पोरगा कसा गेला, हे कोणी विचारलं नाही.

कोणाचा दगड लागला हेही कोणाला कधी कळलं नसतं. हजार हात होते त्या काठावर. तुम्हीच आमच्या अंगणात येऊन बापूजींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काका, माझाच दगड होता." बापूजींनी चप्पल उचलली ती मला दिसते अजून. तुम्ही हललेही नव्हते. मग तुम्ही गाव सोडलं ते परत आलेच नाहीत.

मी असं म्हणत नाही की तुम्ही दगड मारला नाही. मारला. मी एवढंच म्हणते की त्या दगडानं तो गेला नसेल. नसेल म्हणते, कारण दादाचं रक्त कोणी कधी तपासलं नाही आणि आता तपासता यायचं नाही. आईचं तपासता येते. पण तिला काय सांगून नागपूरला नेऊ? तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं तर ते ठेवायला मला माझी आईच दिसते. मग मी गप्प बसते. गप्पही बसवत नाही.

वंदना

सौंसर, १५ जुलै २०२५

विनोदभाऊ,

तुमचं पत्र मिळालं. तीन ओळी. "लिंबाएवढा होता. त्यानं काही फरक पडत नाही. पुन्हा लिहू नका." आणि पानाच्या अगदी खाली, वेगळ्या शाईनं, "अभिजीत कसा आहे?"

म्हणजे पाकीट बंद करायच्या आधी तुम्ही पुन्हा पेन शोधला. म्हणून लिहून राहिली.

अभिजीत बरा आहे. शाळेत जाते. क्रिकेट बंद केलं म्हणून माझ्याशी अबोला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोहू द्या, सायकल चालवू द्या, फक्त डोकं सांभाळा. आता हेल्मेट घालून सायकल चालवते आणि पोरं त्याला चिडवतात. घरी येऊन मला तीच चिडवणी रंगवून सांगते.

मी पांढुर्ण्याला जाऊन आली. बापूजी बगिच्यात गेले होते, मृगाच्या बहाराची संत्री धरली आहेत. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी रस्ताभर ठरवून गेली होती की दमादमानं सांगायचं. बसली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. अभिजीतचं, माझं, नाण्याचं. दादाचं नाव मात्र घेतलं नाही.

आईचा हात तांदळात तसाच राहिला. मग म्हणाली, "विजयलेही हेच होतं."

मी म्हटलं, "आई, नक्की नाही माहीत."

"मले माहीत हाय." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "माहेरी, रामाकोन्याले, माझा भाऊ होता, नत्थू. माझ्याहून लहान. बैलबंडीवरून पडला, ओठ फाटला. बास, एवढंच. माझ्या मायनं राख दाबली, चुना दाबला. थांबलंच नाही. सहा वर्षांचा होता. लोकं म्हणे, बाहेरचं लागलं."

आजवर आईनं मला हा मामा कधी सांगितला नव्हता. मी विचारलं, काऊन नाही सांगितलं?

"विजयचे दुधाचे दात पडून राहिले होते तवा माझ्या मनात आलं होतं. एकेका दाताले दोन दोन दिवस रक्त यायचं. मी म्हटलं, बोललं तर खरं होईल. नाही बोलली. अन् मंग तो गेला, तर तुह्या बापाले विनोद सापडला. मी म्हटलं, ठीक हाय, माणसाले कोणीतरी पाहिजे रागवायले."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या अंगावरच आली. "पण मी त्या पोराचं वाटोळं पाहत राहिली न वंदे. त्याची माय मले बजारात दिसे. मी रस्ता बदलो. ती नाही बदलायची, मीच."

मी तिला म्हटलं की तू काही केलं नाही, हे कोणी करत नाही, डोळ्यांचा रंग येते तसं हे येते. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं सूप परत ओढलं, तांदूळ निवडून संपवले. शेवटी तिनंच विचारलं, "रक्त द्यायले नागपूरले कधी जायचं?"

शुक्रवारी गेलो. प्रणालीचंही त्याच दिवशी दिलं. गौतमला आवडलं नाही. प्रणाली त्याला म्हणाली, "पपा, मले माहीत असू द्या न. विजयमामाले हे माहीत असतं तर ते दगड मारायले गेलेच नसते." गौतम स्टँडवर सोडायला मात्र आला.

बापूजींना अजून काही माहीत नाही. आई म्हणते, मीच सांगीन, तू मधात पडू नको. त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढं गेलं. रागाशिवाय त्यांच्याजवळ दादाचं दुसरं काही राहिलेलं नाही, आणि तोच आम्ही काढून घ्यायला निघालो. ते आईला काय म्हणतील याची मला भीती वाटते. या घरात दोष कोणाचा हा प्रश्न चोवीस वर्षं सुटलेला होता.

वंदना

सौंसर, ९ ऑगस्ट २०२५

विनोदभाऊ,

आज राखी. तुम्हाला आणि दादाला मी एकाच पुड्यातल्या राख्या बांधायची. आज अभिजीतला प्रणालीनं बांधली आणि मी तुम्हाला पत्र लिहायला बसली, कारण काल जे झालं ते सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

रिपोर्ट आले. आईत आहे. प्रणालीतही आहे. प्रणालीनं कागद दोनदा वाचला, घडी घातली, म्हणाली, "चला, समजलं तर." आणि रिक्षात बसल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. नागपूर सुटेपर्यंत रडली. मग भूक लागली म्हणाली.

मी आईसोबत पांढुर्ण्याला गेली. बापूजी जेवायला बसले होते. आईनं भाकर वाढली आणि तिथेच बसून सांगितलं. नत्थूमामापासून सुरू केलं. बापूजी खात राहिले. दादाचं नाव आलं तेव्हा थांबले.

"म्हणजे त्या पोरानं काही केलं नाही, असं म्हणतेस?"

"केलं," आई म्हणाली. "दगड मारला. आपल्या विजयनंही मारले. त्या दिवशी साऱ्यांनीच मारले."

"अन् माहा पोरगा कायनं मेला?"

"माझ्या रक्तानं."

विनोदभाऊ, मला वाटलं आता ताट उडते. मी आईच्या पुढं सरकून बसली. बापूजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू काऊन मधात येऊन राहिली? मी मारतो का तिले?" मग आईकडे पाहत राहिले. इतकं की मलाच नजर खाली करावी लागली.

"तुले इतकी वर्षं माहीत होतं?"

"पक्कं नव्हतं. मनात होतं."

"एकटीच्याच मनात ठेवलं?"

आई हो म्हणाली. बापूजींनी हात धुतले, टोपी घातली आणि बगिच्यात निघून गेले. काल रात्री आले नाहीत. सकाळी आईनं डबा पाठवला तर गड्यानं निरोप आणला, झाडं पाहून राहिले म्हणे. काय पाहतात कोण जाणे. संत्र्याची फळं अजून लिंबाएवढीच आहेत.

मी सौंसरला परत आली, पण माझं चित्त तिथेच आहे. त्यांच्या त्या एका वाक्यावर फिरून फिरून येते. एकटीच्याच मनात ठेवलं. तो राग होता का दुसरं काही, मला ठरवता येत नाही. आईला फोन केला तर ती म्हणते, "येतील. इतक्या वर्षांचं हाय, एका दिवसात उतरते का?" तिचा आवाज मात्र हलका वाटला. माझ्याहून हलका.

तुम्ही या सगळ्यात काय करावं असं मी सांगत नाही. मला तेवढा अधिकार नाही. फक्त तुमच्याशिवाय हे घडू नये असं वाटते.

वंदना

पांढुर्णा, २४ ऑगस्ट २०२५

विनोदभाऊ,

हे पत्र माहेरातून लिहून राहिली. काल गोटमार झाली. मी पोळ्यापासून इथेच आहे. अभिजीतला मुद्दाम सौंसरला ठेवलं.

परवा पोळ्याच्या संध्याकाळी तुम्हाला कौसामावशीच्या नंबरवरून फोन आला असेल. तुम्ही हॅलो म्हटलं, आई म्हटलं, पलीकडून कोणी बोललं नाही आणि तुम्ही ठेवून दिला. मावशी म्हणते तुम्ही परत दोनदा लावला, तिनं घाबरून उचलला नाही. मग तुम्ही शेजारच्यांना फोन करून आई ठीक आहे का विचारलं. आई ठीक आहे. काय झालं ते सांगते.

बापूजी त्या दिवशी बैल पुजून झाल्यावर आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसले आणि आईला म्हणाले, "चाल." आईनं कुठं म्हणून विचारलं नाही. मलाच राहवलं नाही, मी मागं निघाली. दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या काठाकाठानं दुकानं लागून राहिली होती, पोरं दगडांचे ढीग करून राहिले होते. बापूजी त्यांच्यामधून खाली न पाहता पूल ओलांडून गेले. आई मागं, तिच्या मागं मी. पुलाच्या पलीकडे सावरगावात त्यांना तुमचं घर सापडेना. गल्ली बदलली आहे, पक्की घरं झाली आहेत. मी पुढं होऊन दाखवलं.

कौसामावशी ओसरीत वाती करत होती. उठायला लागली तर बापूजी म्हणाले, "बसा वहिनी." आणि स्वतः पायरीवर बसले. आई सरळ आत गेली, मावशीच्या बाजूला बसली आणि तिचा हात धरला. दोघी रडल्या नाहीत. मावशीनं विचारलं, "नातू कसा हाय?" म्हणजे तुम्ही तिला सांगितलं होतं.

बापूजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, पोराले बोलवा घरी."

मावशी म्हणाली, "माझं कुठं ऐकते तो. दरसाली म्हणते. तो म्हणते, आई, थे गाव माहं तोंड पाहील का? तुम्हीच सांगा न."

तिनं नंबर लावून फोन बापूजींच्या हातात दिला. त्यांनी नको म्हटलं नाही. दोन्ही हातांनी कानाला धरला. मला तुमचा आवाज बाहेर ऐकू येत होता. तुम्ही म्हणत होते, "आई, बोल न. आई? काय झालं?" बापूजींचं तोंड उघडलं होतं. मानेवरच्या शिरा ताणल्या होत्या. शब्द फुटला नाही. एवढा भांडकुदळ माणूस, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज ज्याचा, तो पायरीवर बसून फोनात नुसता श्वास घेत होता. मग पलीकडून बंद झाला.

त्यांनी फोन कानाचा काढला नाही. मी म्हटलं, बापूजी, कटला. ते म्हणाले, "अजून तसाच बोलते. पोरासारखा."

मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "शकू, त्याले म्या चप्पल मारली होती, अन् थो उभाच राहिला."

आई म्हणाली, "हो."

काल गोटमारीच्या दिवशी त्यांनी घराचं दार उघडं ठेवलं. दादा गेल्यापासून त्या दिवशी आमचं दार कधी उघडलं नव्हतं. नदीकडून सारखा गलका येत होता. बापूजी आणि आई ओट्यावर बसून होते. मी आत-बाहेर करत राहिली, मला बसवत नव्हतं. दुपारी एक पोरगा डोकं धरून रस्त्यानं जात होता. बापूजींनी त्याला थांबवलं, पाणी दिलं, रक्त थांबलं का ते वाकून पाहिलं आणि थांबलेलं दिसल्यावरच जाऊ दिलं.

येत्या रविवारी ते पुन्हा सावरगावला जाणार आहेत. पुन्हा फोन लावणार आहेत. मला म्हणाले, तू येऊ नको, तू असली की मले जमत नाही. म्हणून मी हे पत्र उद्या सकाळीच स्पीड पोस्टनं टाकते, रविवारच्या आधी तुमच्या हाती पडावं म्हणून.

विनोदभाऊ, फोन वाजला आणि पलीकडे कोणी बोललं नाही, तर ठेवू नका. ते बापूजी असतील. त्यांना वेळ लागते.

वंदना